तेच पाच सूर, पण हात कुणाचा? (ब्लूज आणि रॉक गिटारवादकांच्या शैलींबद्दल)

कानसेन

ब्लूज-रॉक गिटारवर चर्चा निघाली की चार प्रतिसादांत ती 'सगळ्यात भारी कोण' या वळणावर जाते. मग हेंड्रिक्सवाले आणि क्लॅप्टनवाले एकमेकांच्या उरावर बसतात, मध्येच कुणीतरी व्हॅन हेलनचं नाव टाकून पळून जातं आणि धागा शंभरी गाठून मरतो. ते इथे नको. कोण कसं वाजवतो, एवढ्यावरच बोलू.

माझं म्हणणं असं आहे की वेग, गिटारचा ब्रँड, पेडल वगैरे सगळं बाजूला ठेवा. तार ओढल्यावर हा माणूस सूर कसा थरथरवतो आणि वाक्य संपल्यावर किती वेळ गप्प बसतो, एवढंच ऐका. बहुतेक माणूस तिथेच सापडतो.

कारण भांडवल सगळ्यांचं एकच आहे. मायनर पेंटॅटॉनिक, म्हणजे सा, कोमल ग, म, प, कोमल नी (धानीचे सूर म्हटलं तर काहींना पटकन लागेल), आणि अधूनमधून तीव्र म. खरी गंमत गंधारात. ब्लूजचा गंधार धड कोमल नसतो, धड शुद्ध नसतो. कोमल गंधाराची तार जराशी ओढून तो मध्येच कुठेतरी लटकवायचा. किती ओढायचा हे ज्याचं त्यानं ठरवायचं.

सुरुवात बी. बी. किंगपासून. त्याच्या नात्यातला बुका व्हाइट स्लाइड (बोटात घातलेली नळी तारेवर घसरवत) वाजवायचा. बीबीला स्लाइड काही साधली नाही, मग तो आवाज नुसत्या बोटांनी काढायच्या नादात त्याचा व्हायब्रॅटो, म्हणजे सूर थरथरवणं, घडला. त्याचा हात बघा: पहिलं बोट तारेवर रोवलेलं, अंगठा नेकवरून सुटलेला, उरलेली बोटं हवेत उघडी आणि सगळा पंजा त्या एका बोटाभोवती फडफडतोय. आवाजात ते बारीक, जलद आणि एकसारखं ऐकू येतं. गाताना तो गिटार वाजवत नाही, गिटार वाजवताना गात नाही. कॉर्ड (अनेक सूर एकदम) वाजवणं हे आपलं काम नव्हे असं तो उघडपणे सांगायचा. त्यामुळे प्रश्न गळ्याचा आणि उत्तर गिटारचं, अशी जुगलबंदी आपोआप तयार होते. १९६४ साली शिकागोत ध्वनिमुद्रित झालेला 'लाइव्ह ॲट द रीगल' ऐका. श्रोते शब्दांना ओरडतात तितकेच गिटारच्या एकेका सुरालाही ओरडतात.

अल्बर्ट किंग म्हणजे दुसरं टोक. हा डावखुरा, आणि उजव्या हाताची गिटार तारा न बदलता सरळ उलटी धरायचा. म्हणजे बारीक तार वर, छताच्या बाजूला. आपण उजवे लोक ती तार वर ढकलतो, तो खाली, तळहाताच्या दिशेने खेचायचा. खेचण्यात सगळ्या पंजाची ताकद येते, त्यात तारा ढिल्या लावलेल्या. त्यामुळे एकाच फ्रेटवरून (पडद्यावरून) तो दोन-दोन सूर वर जाऊन टप्प्याटप्प्याने उतरायचा. पिक (तार छेडायची चकती) नाही, नुसता अंगठा. त्याच्याकडे लिक (ठरलेले छोटे तुकडे) मोजून थोडे. तेच ते दहा वेळा वाजवतो आणि दहाही वेळा अंगावर येतो. 'बॉर्न अंडर अ बॅड साइन' (१९६७) एवढा एक अल्बम पुरे.

फ्रेडी किंग, तिसरा किंग, या दोघांपेक्षा चपळ. त्याच्यावर कुणीतरी लिहा.

माझा सगळ्यात लाडका मात्र पीटर ग्रीन. १९६६ मध्ये क्लॅप्टन जॉन मेयॉलच्या ब्लूजब्रेकर्समधून गेला आणि त्या जागी हा आला. तोच बँड, तीच लेस पॉल जातीची गिटार, ऐकणारे क्लॅप्टनसाठी रुसलेले. कुणीही दुप्पट वाजवून दाखवलं असतं. ग्रीनने कमी वाजवलं. 'द सुपरनॅचरल' ऐका, त्यातले लांब धरलेले सूर. पुढचा सूर येणार म्हणून आपण वाट बघतो आणि तो येतच नाही.

तुमचं काय मत?

उगाचएक

वाचनखूण साठवली. रात्री हेडफोन लावून वाचतो आणि ऐकतो. फक्त एकच, क्लॅप्टनला तुम्ही एका ओळीत गुंडाळलंत, लोक सोडणार नाहीत.

व्हॉल्व्हवाला

लेख आवडला, पण 'उपकरणं बाजूला ठेवा' याच्याशी सपशेल असहमत. शैली उपकरणातूनच येते.

क्रमाने बघा. रॉबर्ट जॉन्सन १९३६-३७ मध्ये टेक्ससमधे २९ गाणी मुद्रित करून गेला, सगळी अकूस्टिक गिटारवर. त्या गिटारचा सूर छेडल्याबरोबर मरायला लागतो. म्हणून तो जागा रिकामी ठेवतच नाही: अंगठा खाली बास चालवतोय, बोटं वर उत्तरं देतायत, दोघं वाजवतायत असं वाटावं. मग टी-बोन वॉकर येतो, विजेची गिटार येते, एकेरी सूर बँडच्या वर ऐकू येतो. १९४७ चं 'स्टॉर्मी मंडे' ऐकलं की बीबीचं घराणं कुठून निघालं ते कळतं. सूर आता जरा उभा राहतो, म्हणून त्याला हलवायला वेळ मिळतो. व्हायब्रॅटो तिथून सुरू.

पुढची पायरी १९६६, लंडनचा डेक्का स्टुडिओ, ब्लूजब्रेकर्सचा अल्बम. क्लॅप्टन लेस पॉल आणि मार्शलचा कॉम्बो अँप घेऊन येतो, अँप रंगमंचावर असतो तितका मोठा करतो आणि कमी करणार नाही म्हणून अडून बसतो. इंजिनिअर गस डजन वैतागलेला. स्टुडिओत एवढ्या आवाजात मुद्रण करायची तोवर पद्धतच नव्हती. पण त्या आवाजाला व्हॉल्व्ह (अँपमधल्या काचेच्या नळ्या) दबतात, सूर दाट होतो आणि लवकर मरत नाही. क्लॅप्टनचा व्हायब्रॅटो बीबीपेक्षा संथ आणि रुंद आहे ना? कारण त्याला तो परवडतो. बीबीच्या स्वच्छ अँपवर इतका संथ हलवला असता तर दुसरं आंदोलन पूर्ण व्हायच्या आत सूर विझला असता.

तुमच्या लाडक्या ग्रीनचे ते लांब सूर? तो अँपचा फीडबॅक आहे साहेब, अँपचा आवाजच तारेला पुन्हा हलवत राहतो. अँप लहान केलात की 'द सुपरनॅचरल' संपलं.

कानसेन

व्हॉल्व्हवाला, प्रतिसाद जबरदस्त. सूर टिकायला लागल्यावर व्हायब्रॅटो संथ झाला हे पटलं. पण तुमच्याच उदाहरणात माझं उत्तर आहे. क्लॅप्टन आणि ग्रीन, वर्षभराच्या अंतराने, एकाच बँडमध्ये, जवळपास तशाच गिटारवर. अँपने शैली ठरत असती तर दोघं एकसारखे वाजायला हवे होते. क्लॅप्टनच्या वाक्यांना उतार आहे, एक सूर पुढच्याला ढकलत नेतो, ऐकणाऱ्याला कुठे जातोय ते आधीच कळतं आणि तरी आवडतं. ग्रीनचं वाक्य अर्ध्यात तुटतं. त्याचा व्हायब्रॅटो सुराच्या सुरुवातीला नसतोच, सूर आधी सरळ उभा राहतो आणि मरता मरता थोडा हलतो. हे कुठल्या नॉबवर येतं?

मिठाचाखडा

नॉबवर नाही, पण चुंबकावर येतं. ग्रीनच्या त्या लेस पॉलमध्ये नेककडच्या पिकअपचं (तारेचं कंपन पकडणाऱ्या भागाचं) चुंबक उलटं बसलेलं होतं. त्यामुळे दोन्ही पिकअप एकत्र चालू केले की ते एकमेकांना छाटतात आणि आवाज पोकळ, नाकातला येतो. लोक ग्रीनचं 'दुःख' म्हणतात त्यातलं निम्मं हेच आहे.

फक्त एक खुलासा, कारण ही गोष्ट नेहमी अर्धीच सांगितली जाते: तो आवाज स्विच मधल्या जागी असतानाच येतो. एकटा नेक पिकअप लावला तर ती गिटार इतर लेस पॉलसारखीच वाजते. ग्रीनने बरंच काही एकट्या पिकअपवरही वाजवलंय आणि ते तितकंच पोचतं. त्यामुळे मी निम्मा व्हॉल्व्हवाल्यांकडे, निम्मा कानसेनकडे.

अवांतर: तीच गिटार पुढे गॅरी मूरकडे गेली आणि आता मेटॅलिकाच्या कर्क हॅमेटकडे आहे. मूरने १९९५ मध्ये 'ब्लूज फॉर ग्रीनी' हा अख्खा अल्बम तिच्यावर, ग्रीनचीच गाणी घेऊन केला. प्रयोग आयताच झालेला आहे. गिटार तीच, गाणी तीच, आणि चार सुरांत कळतं की हा मूर आहे. तो शांत बसूच शकत नाही.

कानसेन

माझ्या बाजूने साक्ष दिल्याबद्दल आभारी आहे :)

डावखुरी

अल्बर्ट किंगचा हात इतका नीट समजावल्याबद्दल धन्यवाद. मी स्वतः डावखुरी वाजवते, म्हणून एक भर. डावखुरे म्हटलं की लोक अल्बर्ट आणि हेंड्रिक्सला एकाच पोत्यात भरतात. दोघांची गोष्ट पूर्ण वेगळी आहे.

हेंड्रिक्सनेही उजव्या हाताची स्ट्रॅटोकास्टर उलटी धरली, पण तारा काढून पुन्हा क्रमाने लावल्या. जाड तार वर, बारीक खाली, नेहमीसारखी. त्यामुळे त्याचे बेंड (तार ओढून सूर चढवणं) आणि कॉर्ड सर्वसामान्य पद्धतीने होतात. बदलतं ते बाकीचं. पुलाजवळचा पिकअप तिरका बसवलेला असतो, तो आता उलट तिरका होतो: जाड तारांचा आवाज जरा धारदार आणि बारीक तारांचा जरा गोल होतो. व्हॅमी बार (सूर वाकवायची दांडी) आणि नॉब वरच्या बाजूला येतात.

आणि त्याचा अंगठा! इतका लांब की नेकवरून येऊन जाड तार दाबायचा. बास अंगठ्यावर सोडून दिला की चार बोटं मोकळी, आणि त्या मोकळ्या बोटांनी कॉर्डच्या आतच छोट्या छोट्या सुरावटी फिरवायच्या. 'लिटल विंग'ची सुरुवात म्हणजे हेच. त्याला रिदम म्हणायचं की लीड? ही पद्धत त्याने कर्टिस मेफील्डकडून उचलली, आणि लिटल रिचर्ड, आयझली ब्रदर्स अशांच्या मागे उभं राहून साथ करत मुरवली. लोक हेंड्रिक्स म्हटलं की पेटवलेली गिटार आठवतात. माझ्या मते तो जगातला सगळ्यात चांगला साथीदार होता, आग वगैरे नंतर.

रात्रपाळी

डावखुरी, शंभर टक्के सहमत, तरी आग विसरू नका. १९७० च्या पहिल्या दिवशी फिलमोर ईस्टला वाजवलेलं 'मशीन गन' ऐका. त्यात एक सूर येतो, सोलोच्या सुरुवातीला, तो येतो आणि नुसता थांबून राहतो. अँपमधून फीडबॅक होऊन तो परत फिरतो, आणि हेंड्रिक्स बार हलवून त्याला थोडा वाकवतो. इथे कानसेन आणि व्हॉल्व्हवाला दोघांनी हातमिळवणी करावी, कारण इथे अँप हेच वाद्य आहे आणि ते वाजवणारा हातही तितकाच लागतो. फीडबॅक कुणालाही मिळतो, तो नेमक्या सुरावर पकडून ठेवायला अँपपासून किती अंतरावर, कुठल्या कोनात उभं राहायचं हे अंगात असावं लागतं.

ठेकेदार

सगळे डाव्या हाताबद्दल बोलताय. (वरच्या ताई सोडून, त्यांचा हात उलटा.) तार दाबणारा हात, व्हायब्रॅटो, बेंड, ठीक आहे. पण ताल छेडणाऱ्या हातात असतो आणि ब्लूज आधी ताल आहे.

फ्रेडी किंगवर लिहा म्हणालात, घ्या. अंगठ्यात प्लॅस्टिकचा पिक, पहिल्या बोटात धातूचा. अंगठा खाली, बोट वर. हे त्याने शिकागोत जिमी रॉजर्स, एडी टेलर या मडी वॉटर्स-जिमी रीडच्या पठडीतल्या लोकांकडून घेतलं. धातूच्या पिकमुळे सुराची सुरुवात ठणकन होते, आणि अंगठा-बोट आलटून पालटून चालल्यामुळे वाक्यात एक उडी येते जी नुसत्या सपाट पिकने येत नाही. 'हाइड अवे' वाजवून बघा. सूर तर कुणालाही सापडतील. उडी नाही सापडणार. क्लॅप्टनने तेच ब्लूजब्रेकर्सच्या १९६६ च्या त्या अल्बममध्ये वाजवलंय, सूर चोख, आवाज फ्रेडीपेक्षा दाट, पण फ्रेडीचं नाचतं आणि क्लॅप्टनचं चालतं. (क्लॅप्टनने लेस पॉल घेतली तीच मुळी फ्रेडीच्या रेकॉर्डच्या कव्हरवर ती बघून.)

आता स्टीव्ही रे वॉन. सगळे त्याच्या तेरा नंबरच्या (नंबर म्हणजे जाडी, इंचाच्या हजाराव्या भागात) जाड तारांबद्दल बोलतात. खरी कमाल 'प्राइड अँड जॉय'च्या शफलमध्ये (झुलत्या ठेक्यात) आहे. उजवा हात प्रत्येक ठोक्याला खाली येताना जाड तारेवर चालता बास वाजवतो आणि वर जाताना बारीक तारांना मध्येच एक फटका मारतो. बास सम धरून आहे, फटका मधल्या जागेत पडतोय. डावा हात नको त्या सगळ्या तारा झाकून ठेवतो, त्यामुळे उजवा हात बिनधास्त पूर्ण जोराने फिरू शकतो. तीन जणांचा बँड आणि तरी कुठे पोकळी नाही. ही गोष्ट संथ लावून वाजवायला बसा, मनगट बोंबलतं.

आणि कमी वाजवण्यात ग्रीनचा गुरू हवा असेल तर ह्युबर्ट सम्लिन. हाउलिन वुल्फच्या मागे बसलेला. पिक सोडून नुसत्या बोटांवर आल्यावर त्याचा आवाज बदलला. वुल्फचा तो भारदस्त गळा चालू असताना हा मधूनच एखादी तार टोचतो आणि निघून जातो. 'किलिंग फ्लोअर' ऐका.

उगाचएक

'फ्रेडीचं नाचतं आणि क्लॅप्टनचं चालतं' हे फ्रेम करून लावायला हवं. पण क्लॅप्टनवर हा अन्याय आहे. १९६८ च्या मार्चमध्ये विंटरलँडला क्रीमने वाजवलेलं 'क्रॉसरोड्स' चालतं म्हणता? धावतं ते!

ठेकेदार

तिथे धावतात ते बेकर (ड्रम) आणि ब्रूस (बास). क्लॅप्टन त्यांच्यावर स्वार झालाय. तरी तो दुसरा सोलो मान्य, तिथे माझी बोलती बंद.

व्हॉल्व्हवाला

'क्रॉसरोड्स' निघालंच आहे तर मूळ रॉबर्ट जॉन्सनचं १९३६ चं ऐकून घ्या. जॉन्सनच्या गाण्यात मात्रा सैल आहेत, ओळ संपली की हवं तेवढं थांबतो, स्लाइडने एक वेडंवाकडं उत्तर देतो, मग पुढे. एकटा वाजवणाऱ्याला ही चैन असते. क्लॅप्टनने त्यातून एक रिफ (पुन्हा पुन्हा येणारा तुकडा) काढला, बारा बारचा चोख साचा केला आणि त्यावर तिघांचा बँड उभा केला. ब्लूजचं रॉक होतं म्हणजे नेमकं काय होतं ते या दोन मुद्रणांच्या मधल्या फरकात आहे. सैलपणा जातो, वजन येतं. काहींना हा तोटा वाटतो. मला दोन्ही हवेत.

नवशिका

एक बावळट प्रश्न. वॉनने तेरा नंबरच्या तारा लावल्या म्हणून त्याचा आवाज तसा आला, असं सगळीकडे वाचतो. मी पण जाड तारा लावू का?

मिठाचाखडा

नको. बोटं सोलतील आणि बेंड बेसूर होतील. वॉन गिटार अर्धा सूर खाली लावायचा, म्हणजे ताण जरा कमी, आणि हात लोहाराचे. तरीही बोटांची कातडी निघायची आणि तो सुपरग्लू लावून वाजवायचा.

दुसऱ्या बाजूला झीझी टॉपचा बिली गिबन्स बघा. तो स्वतः सांगतो की बी. बी. किंगने त्याच्या जाड तारा बघून विचारलं, एवढी मेहनत कशाला? तेव्हापासून हा बारीक तारांवर आला, सात-आठ नंबरपर्यंत. आणि त्याचा आवाज कुणी बारीक म्हणेल? दोघंही टेक्ससचे, दोघांचाही आवाज भिंतीएवढा, तारांची जाडी जवळपास दुपटीच्या फरकाची. जाड तार म्हणजे जाड आवाज हे गणित इथेच मोडतं. दहा नंबर लावा आणि वाजवा.

मुरकी

धाग्यावर जेफ बेक अजून आलाच नाही? मग मी आणते.

बाकी सगळे बोटांनी सूर वाकवतात. बेकने ऐंशीच्या दशकात पिक टाकून दिला आणि उजव्या हाताला तीन-चार कामं लावली: अंगठा तार छेडतो, करंगळी व्हॉल्यूम नॉबवर, उरलेल्या हातात व्हॅमी बार. नॉब बंद ठेवून तार छेडायची आणि मग हळूच उघडायचा. तार छेडल्याचा टक् आवाजच नाहीसा होतो, सूर कुठून तरी उगवतो. गळ्यासारखा. 'व्हेअर वेअर यू' (१९८९) मध्ये तर तो हार्मोनिक (तारेला नुसतं शिवून काढलेला घंटेसारखा सूर) छेडून त्यावर बारने पूर्ण सुरावट गातो. बारला ना फ्रेट असतात ना खुणा. कानावर भरवसा ठेवून नेमका सूर गाठायचा, चुकायला जागाच जागा.

आपल्या कानांसाठी खास: नितीन सॉनीचं 'नादिया'. मूळ गाणं स्वाती नाटेकर यांनी गायलंय. बेकने ते स्लाइड आणि बारने जवळपास हरकतीगणिक वाजवलंय. आधी मूळ ऐका, लगेच बेक ऐका. कण कुठे घेतलाय, मींड किती लांबवली, सगळं तपासता येतं. काही मुरक्या त्याच्या हातून सपाट होतात, ते मी मान्य करते. पण पाश्चात्त्य गिटारवादक 'भारतीय' वाजवायला गेला की एक ठरावीक सापासारखी धून काढतो, तसलं इथे काही नाही. त्याने गळा ऐकलाय.

कानसेन

मुरकी, 'नादिया' दोनदा ऐकलं, दंडवत. माझ्या व्हायब्रॅटोच्या सिद्धांताला बेक मात्र गैरसोयीचा आहे. त्याचा एक ठरलेला व्हायब्रॅटोच नाही. बोटाचा वेगळा, बारचा वेगळा, कधी मुद्दाम काहीच नाही. त्याला ओळखायची खूण सुराच्या सुरुवातीत आहे.

रात्रपाळी

डेव्हिड गिल्मोर राहिला. 'कम्फर्टेबली नंब'चा दुसरा सोलो. बेंडनंतर सूर वर पोचल्यावर क्षणभर सरळ ठेवतो आणि मग हलवतो. कानसेन, हा तुमच्या ग्रीनचा भाऊबंद.

मिठाचाखडा

फरक एवढाच की गिल्मोरने तो सोलो अनेकदा वाजवून त्यातले चांगले तुकडे जोडलेत, हे त्यानेच सांगितलंय. वाईट नाही, पण ब्लूजवाल्यांच्या एका दमातल्या वाजवण्याशी तुलना करताना लक्षात ठेवावं. गिल्मोर संगीतकारासारखा विचार करतो. जिमी पेजही तसाच. पेजला लोक 'गचाळ वाजवतो' म्हणतात. मैफलीत कधीकधी वाजवतो खरा. पण त्याने एकेका गाण्यात गिटारचे किती थर कसे रचलेत ते ऐकलं की तक्रार मिटते. 'सिन्स आय हॅव बीन लव्हिंग यू'मध्ये तर गचाळपणाच हवा होता.

डावखुरी

बायका कुठायत या धाग्यात?

सिस्टर रोझेटा थार्प. १९३८ पासून रेकॉर्ड करत होती, चक बेरीचं पहिलं गाणं यायच्या सतरा वर्षं आधी. देवाची गाणी आणि हातात गिटार. १९६४ मध्ये मँचेस्टरला एका बंद पडलेल्या रेल्वे स्थानकावर टीव्हीसाठी कार्यक्रम झाला, पावसाळी हवा, प्रेक्षक समोरच्या फलाटावर. ही कोट घालून येते, गिटार गळ्यात अडकवते आणि 'डिडन्ट इट रेन' सुरू. तिचा सोलो ऐका: छेडण्याचा जोर, दोन तारा एकदम ओढणं, वाक्य संपताना हात उडवणं, रॉक अँड रोलचा अर्धा साचा तिथे तयार आहे. ताल इतका पक्का की ठेकेदारांनाही तक्रारीला जागा नाही.

आणि बॉनी रेट. स्लाइड मधल्या बोटात घालते. बहुतेक लोक अनामिकेत किंवा करंगळीत घालतात. तिची स्लाइड कधी किंचाळत नाही.

स्लाइडप्रेमी

स्लाइड निघाल्यावर मला गप्प बसवेना. एल्मोर जेम्सचं 'डस्ट माय ब्रूम' (१९५१), ओपन डी ट्यूनिंग (मोकळ्या तारा एकदम छेडल्या की डी कॉर्ड वाजते), त्या थाप मारल्यासारख्या त्रिपुट्या. अर्ध्या जगाने तेवढंच उचललं. ड्युएन ऑलमनने त्यात सूर आणला. अनामिकेत औषधाची काचेची बाटली, बहुतेक ओपन ई, पिक नाही. अवघड गोष्ट सूर वाजवणं नसतेच, बाकीच्या तारा गप्प ठेवणं असते. स्लाइड एक तार सोडून दुसरीवर गेली की पहिली बोंबलत राहते. ऑलमन उजव्या हाताच्या बोटांनी एकेक तार झाकत जायचा, आणि डाव्या हाताची बोटं स्लाइडच्या मागे टेकलेली. म्हणून इतक्या जलद वाजवूनही प्रत्येक सूर सुटा. 'ॲट फिलमोर ईस्ट'मधलं 'स्टेट्सबरो ब्लूज', मार्च १९७१. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मोटारसायकल अपघातात गेला, वय २४.

त्याच वाटेवर डेरेक ट्रक्स. मुरकी, तुम्हाला हा आवडेल. अली अकबर खाँसाहेबांचा सरोद ऐकून ऐकून वाढलेला. त्याने नुसरत फतेह अली खाँची कव्वालीही स्लाइडवर घेतलीय. ऑलमनचा सूर गाठला की तो पुढच्या सुराकडे निघतो, ट्रक्स गाठलेल्या सुराभोवतीच घुटमळतो. अंतरा बांधल्यासारखा हळूहळू वर जातो. आज जिवंत असलेल्यांत माझ्यासाठी पहिला तोच. ('सगळ्यात भारी कोण' नको म्हणाला होतात, माफ करा.)

नवशिका

बरंच ऐकायला मिळालं. एक शेवटचं. अल्बर्ट किंग आणि वॉन यांचं 'इन सेशन' लावलंय. वॉन बऱ्याच ठिकाणी अल्बर्टसारखंच वाजवतो. दोघं एकामागून एक सोलो घेतात तेव्हा माझा गोंधळ होतो. कसं ओळखायचं?

कानसेन

चांगला प्रश्न. ते १९८३ च्या डिसेंबरमध्ये कॅनडात टीव्हीसाठी मुद्रित झालंय. वॉन अल्बर्टचेच लिक अल्बर्टसमोर वाजवतोय, म्हणून सूर ऐकून ओळखता येणार नाही. त्याच वर्षी आलेल्या डेव्हिड बोवीच्या 'लेट्स डान्स'वरही त्याने तेच केलं होतं.

बेंडचा वरचा टप्पा सोडा, उतरतानाचा ऐका. वॉन तार ओढतो, वरचा सूर नेमका गाठतो, तिथे व्हायब्रॅटो देतो आणि सोडतो. अल्बर्ट वरच्या सुराच्या किंचित खालीच थबकतो, मग अजून थोडा ओढतो, उतरताना मध्येच अडतो. दुसरं, वॉनच्या प्रत्येक सुराआधी मिटलेल्या तारांचा एक खर्र आवाज येतो, कारण तो सगळ्या तारांवरून पिक ओढत आणतो. अल्बर्टचा अंगठा एकाच तारेला लागतो, सूर स्वच्छ सुरू होतो.

ठेकेदार

आणि सोपी खूण: दोन बार शांतता ऐकू आली तर समजा पाळी अल्बर्टची. 'ब्लूज ॲट सनराइज' लावा, पंधरा मिनिटांचं आहे, भरपूर सराव होईल.

नवशिका

लावलं. खर्र आवाज सापडला! शांततेचं मात्र तितकंसं खरं नाही, अल्बर्ट शेजारी आहे म्हणून वॉनही बऱ्याचदा थांबतोय.

ठेकेदार

हो, तिथे तो थांबतो. आता 'टेक्सस फ्लड' लावा आणि तिथे किती थांबतो ते बघा.